गळाचे आमिष आणि मिठावरील कर

आपल्या कोळी ज्ञातीच्या धंद्याचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखणी सहजच होडीकडे आणि जाळ्याकडे वळते. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून तो विजया पुणेकर यांच्या मुंबईच्या सोनकोळ्यांवरील १९५९ सालच्या इंग्रजी ग्रंथापर्यंत अनेक अभ्यासूंनी आपल्या जीवनाचा परामर्श घेतला आहे, आणि आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतही होड्या, डोली, नारळी पौर्णिमा व लग्नविधी यांवर चांगले लेख येऊन गेले आहेत. या सर्वांत मिठाचा उल्लेख येतो, परंतु तो सुक्या व खाऱ्या मासळीच्या ओघात, वाटेवर भेटलेल्या ओळखीच्या माणसाला रामराम करावा तसा. गळाला लावावयाचे आमिष टिकविण्याकरिता घरोघर जे मूठभर मीठ लागे, त्याची हकीकत सांगावी असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. ही मूठ लहान होती खरी, पण तिच्यावर इंग्रज सरकारचे कुलूप होते; आणि आपल्या पूर्वजांचा व राज्यकर्त्यांचा संबंध ज्या काही थोड्या जागी प्रत्यक्ष येत असे, त्यांपैकी ही एक जागा होती.

प्रथम हे मीठ लागत कशाला, ते पाहू. आमच्या तरुण वाचकांस गळाची मासेमारी म्हणजे रविवारी बंधाऱ्यावर बसून करावयाचा छंद वाटण्याचा संभव आहे. वेसावे, मढ, मनोरी, गोराई या पश्चिमेकडील गावांचा मुख्य धंदा डोलीचा, यात संशय नाही. समुद्रात खुंट ठोकून त्यांस तोंड बांधलेली ती लांब पिशवी भरतीओहोटीच्या प्रवाहात फुगते, आणि प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, मांदेली, जवळा, करंदी तीत अडकतात. परंतु ज्याच्यापाशी डोल लावण्याइतके भांडवल नाही, त्याचे साधन पाग आणि गळ हेच असे. ठाण्याच्या खाडीकाठी, म्हणजे मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर ते तुर्भ्यापर्यंतच्या चिखलवाटांत, लहान होडीतून एकटादुकटा माणूस लांब दोरीला ठराविक अंतरावर गळ बांधून ती दोरी तळाशी सोडून ठेवी. तिला शिंगाळा लागे, वाम लागे; बाहेरच्या समुद्रात हीच दोरी जाड झाली म्हणजे मुशी, पाखट आणि दैव बलवत्तर असेल तर घोळही लागे. दोरीला शेकडो गळ असत, आणि प्रत्येक गळाला एक तुकडा हवा. म्हणजे मासा मिळण्यापूर्वी मासाच खर्च करावा लागे.

आता समुद्राचा एक खोडसाळपणा आहे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते, प्रवाहास जोर असतो आणि डोली भरतात. तेव्हा आमिषाला लागणारी बारीक मासळी, कोळंबी, माकूळ हे सर्व स्वस्त आणि भरपूर. अष्टमीच्या सुमारास भांग लागतो. पाणी मंदावते, डोली लोंबकळतात, आणि नेमके तेव्हाच गळाच्या दोरीला बरे दिवस येतात. कारण प्रवाह मंद असला म्हणजे दोरी जागेवर राहते आणि मासा आमिषाजवळ येऊन थांबतो. ज्या दिवशी आमिष मिळते त्या दिवशी त्याची गरज नाही, आणि ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी ते मिळत नाही. मधले अंतर सात-आठ दिवसांचे. मुंबईच्या दमट उष्म्यात कोळंबी सकाळची संध्याकाळी टिकत नाही, तेथे सात दिवसांची गोष्ट कशाला! हे सात दिवस ओलांडावयाचा पूल म्हणजे मीठ.

दुसरे कारण पावसाळ्याचे. वैशाख सरता सरता मोठ्या होड्या वर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद होई. या दिवसांकरिता घरात अगोट भरली जाई: तांदूळ, मिरची, सुके बोंबील, जवळा, वाकट्या. ज्यांचा हात पावसाळ्यातही खाडीत चाले, त्यांच्या अगोटीत आमिषाची बरणीही असे. खाण्याच्या आणि आमिषाच्या बरण्या वेगळ्या ठेवीत, हे सांगणे नलगे; तथापि ज्या वर्षी पाऊस लांबे त्या वर्षी आमिषाच्या बरणीतील माकूळ धुऊन कालवणात पडल्याच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकल्या आहेत, आणि सांगणाऱ्यांनी त्या लाजून सांगितल्या नाहीत.

हे काम बायकांचे होते. पुरुष आमिष गळाला लावी, पण ते टिकविण्याची विद्या चुलीजवळची होती. कोणत्या जिनसाला किती मीठ, हे मापाने नव्हे तर हाताने ठरे. साधारण प्रमाण तीन भाग मासळीस एक भाग मीठ, असे धरावयास हरकत नाही. मीठ जाडे हवे. बारीक मीठ घातले तर वरची कातडी एकदम कडक होते, आत मीठ शिरत नाही, आणि तुकडा वरून चांगला दिसला तरी काट्याजवळ नासतो. जाडा खडा हळूहळू विरघळतो आणि मांसातले पाणी तितक्याच संथपणे ओढून घेतो. तळाशी मिठाचा थर, वर आमिष, पुन्हा मीठ. शेवटी वर लाकडी चकती व तीवर धुतलेला दगड. दुसऱ्या दिवशी मासळीतून सुटलेल्या पाण्याची मिठवणी वर येते आणि आमिष तिच्यात बुडून राहते. मिठवणी वर आली नाही तर मीठ कमी पडले असे समजावे. भाजलेल्या मातीच्या साध्या मडक्यात हे काम नीट होत नाही, कारण खार मडक्याच्या अंगातून पाझरतो, बाहेर पांढरी बुरशी आल्यासारखा फुलतो आणि काही महिन्यांत मडक्याचे पापुद्रे निघू लागतात. म्हणून चिनी मातीची झिलई असलेली बरणी, आणि ती नसल्यास जुने लाकडी पीप.

यामागचे शास्त्र आज शाळकरी मुलासही समजेल असे आहे. मीठ मांसातले पाणी बाहेर ओढते, आणि नासवणाऱ्या सूक्ष्म जंतूंस जगावयास लागणारे पाणीच उरत नाही. शंभर भार संपृक्त मिठवणीत सुमारे २६ भार मीठ असते. इतक्या खारात बहुतेक जंतूंची डाळ शिजत नाही. मात्र काही जंतू असे चिवट की त्यांस खारच आवडतो. समुद्राच्या मिठाबरोबर ते आगरातूनच येतात आणि दमट हवेत खाऱ्या मासळीवर गुलाबी-तांबडी छटा आणतात. आपल्या घरांत अशी तांबूस झालेली बरणी ओतून देत, हे योग्यच होते. शिवाय आगरी मिठात नुसते मीठ नसते. मॅग्नेशियमचे व कॅल्शियमचे क्षार त्यात मिसळलेले असतात. त्यांच्यामुळे मीठ हवेतील ओलावा ओढते, मासळीत सावकाश शिरते, आणि तुकडा अधिक पांढरा व कडक होतो. खाण्याच्या मासळीत हा कडकपणा दोष ठरतो. गळाच्या आमिषात तो गुण आहे! बोंबलाचेच पाहा. त्याच्या अंगात शंभरात पंच्याऐंशीहून अधिक भाग पाणीच. ताजा बोंबील गळाला लावला तर पाण्यात पडताच सुटून जातो. तोच दोन दिवस मिठात राहिला की आवळतो आणि काट्याला धरून राहतो. कोळंबी सालासकट खारवीत, बोयटाच्या लांब पट्ट्या कापीत, तारली तेलकट म्हणून तिला मीठ अधिक. माकूळ या सर्वांत उत्तम, कारण तो मुळातच चिवट. गळाला लावण्यापूर्वी तुकडा घटकाभर खाडीच्या पाण्यात सोडून ठेवीत, म्हणजे वरचा खार उतरे. आणि तरीही, ताज्या आमिषाची बरोबरी खारट आमिषास नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण ज्या रसाच्या वासाने मासा येतो, त्यातला बराचसा मिठवणीतच उतरून जातो. खारवलेले आमिष ही गरजेची सोय होती.

ही सोय केवळ आपल्याच लोकांनी काढली असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर आपल्या तारलीची चुलत बहीण जी सार्डीन, तिला जाळ्याकडे वळविण्याकरिता नॉर्वेहून कॉड माशाची खारवलेली गाबोळी पिंपे भरभरून येत असे आणि ती समुद्रात विखरीत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील गलबते कॉड धरावयास दूरच्या उथळ समुद्रात जात, तेव्हा तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे खारवलेले मांस आमिष म्हणून बरोबर नेत. न्यूफाउंडलंडच्या वसाहतीने तर १८८७ साली आमिषाचाच कायदा केला आणि शेजारच्या बेटावरील फ्रेंच मच्छीमारांस ताजे आमिष विकण्यास बंदी घातली. फ्रेंचांनी मग समुद्रगोगलगाई गोळा करून आपले काम चालविले. आमिषावाचून धंदा चालत नाही, म्हणून ज्याच्या हाती आमिष त्याच्या हाती धंदा, हे तेथील सरकारने ओळखले होते. आपल्याकडे सरकारने आमिष अडविले नाही. त्याने मीठ अडविले.

साष्टी बेट, म्हणजे आजच्या उपनगरांची ही सर्व भूमी, १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे, मग मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांकडे होती. राज्ये बदलली तरी मिठाचे आगर जेथल्या तेथे राहिले. इंग्रजी अमदानीतील कराची हकीकत मात्र वेगळी आहे. १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणी ८ आणे अबकारी बसविण्यात आली. १८४४ साली ती एकदम १ रुपया करताच सुरतेस मोठा दंगा झाला आणि सरकारने ती १२ आण्यांवर आणली. लोक रागावले म्हणजे सरकार चार आणे मागे हटते, हे तेव्हा दिसले. पण ते फार काळ टिकले नाही. १८५९ साली पुन्हा १ रुपया, १८६१ साली १ रुपया ४ आणे, १८६५ साली १ रुपया ८ आणे, १८६९ साली १ रुपया १३ आणे, आणि १८७७ च्या अखेरीस २ रुपये ८ आणे. १८८२ साली २ रुपये झाला, १८८८ साली पुन्हा २ रुपये ८ आणे, आणि तो १९०३ पर्यंत तसाच राहिला. मण येथे सुमारे ३७ किलोचा धरावयाचा. आगरावर ते मीठ तयार करण्यास येणारा खर्च काही आण्यांचा. म्हणजे वस्तूपेक्षा वस्तूवरील कर कितीतरी पट.

याचा अर्थ आपल्या घरापुरता मांडून पाहू. तीन मण मासळी खारवावयास एक मण मीठ. तेव्हा २ रुपये ८ आणे कर तीन मण मासळीवर पडला, म्हणजे मणी १३ आणे ४ पै. ही मासळी विकावयाची ती गरिबालाच. आमिषाच्या बरणीत दोन किलो मीठ धरले तर त्यावर कर सुमारे दोन आणे. दोन आणे आज हास्यास्पद वाटतील, परंतु ज्या काळी दिवसाचा रोजगार आण्यांत मोजीत त्या काळी ते हास्यास्पद नव्हते, आणि बरणी वर्षातून एकदाच भरत नसे. आपल्या उपनगरी गावांत बोंबील व जवळा मिठाशिवाय, नुसत्या उन्हावर वाळविण्याचा प्रघात आहे. वलांडीवर बोंबलाच्या जोड्या लोंबत असलेले दृश्य कोणास ठाऊक नाही? हा प्रघात करामुळे पडला असे कोणी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. बोंबील पातळ, ऊन कडक आणि समुद्रवारा फुकट, एवढी कारणे त्यास पुरेशी आहेत. पण मीठ महाग असल्यामुळे तो प्रघात अधिक पक्का झाला असेल, हे मात्र संभवनीय दिसते.

कराहून अधिक जाचक गोष्ट होती ती पहाऱ्याची. १८८२ चा हिंदुस्थानचा मीठ कायदा आणि १८९० चा मुंबई इलाख्याचा मीठ कायदा यांनी परवान्यावाचून मीठ तयार करणेच नव्हे, तर खाजणात आपोआप साठलेले मीठ खरवडून नेणेही गुन्हा ठरविले. चैत्र-वैशाखात भरतीरेषेवरच्या खळग्यांत पाणी आटून जो पांढरा थर बसतो, तो ओंजळभर उचलणारा माणूस सरकारचा चोर! मीठखात्याचे शिपाई किनाऱ्यावर फिरत. समुद्र दाराशी आणि मीठ दुकानात, अशी ही व्यवस्था होती.

मासळीच्या धंद्याचे यामुळे नुकसान होते, ही गोष्ट काही इंग्रज अधिकाऱ्यांच्याही लक्षात आली होती. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील समुद्री मासेमारीवर अहवाल लिहिला. महाग मिठामुळे मासळी अर्धवट खारवली जाते किंवा नासून जाते आणि लोक ती तशीच खातात, हा त्यातील मुद्दा. वाया जाणाऱ्या मासळीची आपल्या मुंबईस तशी जुनी ओळख आहे. सतराव्या शतकात येथे आलेल्या डॉ. जॉन फ्रायर यांनी नारळीच्या मुळांशी घालावयाच्या मासळीच्या खताच्या दुर्गंधीस बेटाच्या रोगट हवेचे एक कारण मानले होते. डे यांच्या अहवालानंतर मद्रास इलाख्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर मासळी खारविण्याची सरकारी आवारे निघाली. तेथे कुंपणाच्या आत मच्छीमाराने मासळी आणावयाची, कारकुनाने ती वजन करावयाची, तिच्या प्रमाणात कर माफ असलेले मीठ द्यावयाचे, आणि खारवणे तेथेच करावयाचे. व्यवस्था हेतूने चांगली. परंतु ते मीठ आवाराबाहेर नेता येत नसे. गळाचे आमिष कोठे खारवतात? घरी, किंवा होडीवर. म्हणजे सवलत तयार मालाला मिळाली; ज्या आमिषावर तो माल अवलंबून, त्याला नाही. चिल्हर वस्तू म्हणून कोणी ती विचारात घेतली नसावी. मोठ्या व्यापाऱ्याचे काही अडले नाही, अडले ते एका होडीच्या माणसाचे.

या ठिकाणी आपल्या शेजाऱ्यांचे स्मरण करणे अवश्य आहे. आगर राखणारा तो आगरी, अशी त्या ज्ञातीच्या नावाची उपपत्ती सांगतात. भांडुप, कांजूर, मुलुंड या पट्ट्यातील मिठागरांवर त्यांनी आणि इतर श्रमिकांनी पिढ्यान् पिढ्या पाय सोलून घेतले. उधाणाच्या भरतीस उघाडीतून पाणी आत घ्यावयाचे, साठवणीत ठेवावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडीत सोडीत उन्हावर घट्ट करावयाचे आणि शेवटच्या सपाट, चोपून टणक केलेल्या वाफ्यात त्याचे खडे बसू द्यावयाचे, असा तो क्रम. समुद्राच्या पाण्यात शंभरास साडेतीन भागांच्या आसपास क्षार; त्याचे पाणी सुमारे दहावा हिस्सा उरेपर्यंत आटवावे तेव्हा मीठ धरते. हंगाम पौषापासून पहिल्या पावसापर्यंत, आणि एक वळवाची सर महिन्याच्या कष्टावर पाणी फिरवावयास पुरे. ज्या उधाणाने आमच्या डोली भरत, त्याच उधाणाने त्यांची आगरे भरत. बाजारात कोळीण मासळी घेऊन बसे आणि आगरी घरातील बाई भाजी घेऊन बसे. दोघींचा हिशोब पुष्कळदा पैशांवाचून होई. त्यात मिठाची एखादी पुडी कधी इकडून तिकडे गेलीच नसेल, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही.

पुढे १९३० साल उजाडले. ६ एप्रिल रोजी दांडी येथे महात्माजींनी मीठ उचलले आणि आपल्या उपनगरात विलेपार्ले येथे जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला प्रभृतींनी सत्याग्रहाची छावणी उभारली. वडाळ्याच्या मिठागरावर मे महिन्यात आणि पुढे १ जून रोजी हजारो लोक चालून गेले, लाठ्या खाल्ल्या, मिठाची ओंजळ घेऊन परतले. शहरातील सुशिक्षित मंडळींस मिठाचा कर हे परवशतेचे प्रतीक वाटले आणि ते खरेच होते. किनाऱ्यावरच्या माणसास मात्र ते प्रतीक नव्हते, घरखर्चातील एक बाब होती. ५ मार्च १९३१ रोजी झालेल्या गांधी-आयर्विन करारात एक कलम असे पडले की, जेथे मीठ गोळा करता किंवा तयार करता येते त्या भागातील रहिवाशांनी घरच्या उपयोगासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी ते घ्यावे. बाहेर व्यापार करू नये. मोठमोठ्या कलमांच्या गर्दीत हे कलम पुष्कळांच्या स्मरणात राहिलेले नाही. आमच्या मते आमिषाच्या बरणीच्या इतिहासात तेच सर्वांत महत्त्वाचे. आमिष खारविणे हा घरचा उपयोग की धंदा, असा वाद एखाद्या तंटेखोर अंमलदारास घालता आला असता. पण कलमाचा अर्थ सरळ घेतला तर किनाऱ्यावरच्या घराला आपल्या बरणीपुरते मीठ उजळ माथ्याने आणण्याची मोकळीक मिळाली. कर पूर्णपणे उठला तो १९४७ च्या एप्रिलपासून, हंगामी सरकारच्या अंदाजपत्रकाने, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने अगोदर.

आता दैवाची थट्टा पाहावी. शंभरावर वर्षे ज्या मिठावर पहारा होता ते मोकळे झाले, आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आमिषाच्या बरणीची गरजच कमी होऊ लागली. बर्फ मुंबईस नवा नव्हता. १८३४ च्या सुमारास अमेरिकेतून गलबताने आलेला बर्फ येथील धनिकांच्या मेजवानीत वाटला गेला होता. आपल्या होडीच्या पोटात तो येण्यास त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला. १९५० नंतर होड्यांस यंत्रे बसली, सहकारी संस्थांमार्फत कर्जे मिळू लागली, बर्फाचे कारखाने निघाले, नायलॉनची जाळी आली. जो बर्फ मासळी टिकवितो तोच आमिषही टिकवितो, आणि बर्फातले आमिष ताज्याला जवळचे. त्याच सुमारास, १९५० आणि १९५७ साली, आपली गावे दोन हप्त्यांत मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. खाडीकाठच्या एका होडीच्या माणसाची मुले गिरणीत, रेल्वेत, कचेरीत गेली. त्यात वाईट काही झाले असे आम्ही म्हणत नाही. बरणी राखण्यासाठी मुलाने शाळा सोडावी असे कोणती आई म्हणेल? पूर्वेच्या खाडीत मात्र अजूनही काही कुटुंबे गळ आणि चिंबोऱ्यांच्या जाळ्या घेऊन जातात.

आणि आता आगरेही चालली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांकरिता घेण्यास मंजुरी दिली. आर्थर मिठागराची १२०.५ एकर, जेंकिन्स मिठागराची ७६.९ एकर आणि जमास्प मिठागराची ५८.५ एकर, असा तिचा हिशोब आहे. घर नसलेल्यास घर मिळावे याविषयी आमचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या सपाटीवर उधाणाचे पाणी पसरावयाचे ती भरून काढल्यावर ते पाणी कोठे जावयाचे, हा प्रश्न खाडीकाठच्या माणसाने विचारला तर त्यास प्रगतीचा शत्रू म्हणू नये. पलीकडची खाडी २०१५ साली रोहितपक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पक्ष्यांची नोंद झाली, हे चांगले झाले. जमिनीच्या कागदांत मिठागरांची नावे इंग्रज साहेबांची व पारशी मालकांची आहेत; तेथे राबणाऱ्यांची नावे त्या कागदांत नाहीत, आणि पलीकडच्या पाण्यात दोरी टाकणाऱ्यांचीही नाहीत.

म्हणून आमची सभासद कुटुंबांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी जुनी बरणी, पीप, गळाची दोरी किंवा मीठ मोजावयाचे माप असेल, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी मंडळास कळवावे. ज्या घरी ऐंशीच्या वरच्या आजी असतील, तेथे नातवंडांनी त्यांच्याजवळ बसून कोणत्या मासळीला किती मीठ, किती दिवस, कोणत्या महिन्यात, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. विशेषतः मुलुंड, भांडुप, कांजूर आणि घाटकोपर येथील घरांतून अशी माहिती यावी, कारण वेसावे-मढकडील मंडळी आपले सांगण्यास समर्थ आहेत, पूर्वेकडील खाडीचे मात्र फार थोडे लिहिले गेले आहे. आलेला मजकूर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत सांगणाऱ्यांच्या नावानिशी छापण्याचे चिटणीसांनी मान्य केले आहे.